घरच्याच माणसांकडून मुलांचा छळ का होतो?

गोव्याच्या 2003 च्या बाल कायद्यात हॉटेलांसाठी एक नियम आहे. कुटुंबासोबत, नातेवाइकांसोबत किंवा रक्ताच्या नात्यातल्या माणसासोबत उतरल्याची नोंद नसेल, तर कुठल्याही मुलाला खोलीत जाऊ द्यायचे नाही. हा नियम ज्या भीतीतून आला ती खोटी नव्हती. 1991 मध्ये मडगावात फ्रेडी पीट नावाच्या माणसाला अटक झाली. अनाथ मुलांसाठी म्हणून चालवलेल्या घरात तो मुलांवर अत्याचार करत होता. 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्या धक्क्यानंतर कितीतरी वर्षे मुलांच्या सुरक्षिततेची आपली सगळी चर्चा किनारा, पर्यटक आणि परका माणूस यांच्याभोवतीच फिरत राहिली. 

मुळगावला किनारा नाही. डिचोली आणि अस्नोडा यांच्या मधला हा गाव. इथे केळबाईचे देऊळ आहे, शेते आहेत आणि कडेला लोहखनिजाची खाण आहे. इथल्या मुलाच्या आयुष्यात परका पर्यटक फारसा येत नाही. येतात ते आई, बाबा, काका, मामा, आतेभाऊ, शेजारी आणि शिकवणीचे सर. मुळगाव असो, पेडण्यातला एखादा वाडा असो की मुंबईतला फ्लॅट, मुलाला दुखावणारा हात बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलणे झाले होते. त्या 13 राज्यांत गोवाही होता. दर तीन मुलांपैकी दोघांनी मारहाण सोसल्याचे सांगितले. घरात मार खाणाऱ्या मुलांमध्ये 88.6 टक्क्यांना मारणारे स्वतः आई-बापच होते.

म्हणजे 2003 च्या कायद्याने ज्या रक्ताच्या नात्याला खोलीत शिरायचा परवाना दिला, धोका बऱ्याचदा तिथेच होता. देशाच्या कायद्याला हे उमगायला 2012 उजाडले. त्या वर्षीच्या पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यात लैंगिक अत्याचार करणारा मुलाचा नातेवाईक किंवा पालक असेल तर तो गुन्हा जास्त गंभीर धरला जातो आणि शिक्षाही वाढते.

पण कायदा नंतर येतो. आधी प्रश्न असा की, ज्याने मुलाला खांद्यावर घेऊन शिरगावची जत्रा दाखवली तोच माणूस त्याला पट्ट्याने का मारतो? "राक्षस असतात असली माणसे" हे उत्तर सोपे आहे. ते सोयीचेही आहे, कारण आपण राक्षस नाही हे प्रत्येकाला ठाऊक असते. खरे उत्तर जरा लांबचे आहे. त्यात सुरुवातीलाच एक फारकत करावी लागते. मारहाण आणि हयगय एका रीतीने घडतात. लैंगिक अत्याचार अगदी वेगळ्या रीतीने घडतो. दोन्हींची एकाच कारणात मोट बांधली की दोन्हींविषयी आपला अंदाज चुकतो.

आधी मारहाणीचे पाहू.

1962 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्पी यांनी सहकाऱ्यांसह एक लेख लिहिला. लहान मुलांची हाडे मोडलेली दिसतात, काही नवी मोडलेली, काही जुनी जुळून आलेली, आणि "पडला" एवढेच आई-बाप सांगतात. अशी मुले पडत नाहीत, त्यांना मारलेले असते, हे त्यांनी वैद्यकाच्या भाषेत मांडले. डॉक्टरांना हे दिसत नव्हते असे नाही. एक्स-रेमध्ये ते सोळा वर्षे आधीच दिसले होते. पण समोर बसलेले सभ्य जोडपे असे करू शकेल यावर विश्वास बसत नव्हता. पुढे केम्पी आणि रे हेल्फर यांनी एक साधी मांडणी केली. मारहाण घडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: आतून तयार असलेला मोठा माणूस, त्याच्या नजरेत 'अवघड' ठरलेले मूल, आणि एक वाईट दिवस.

ही मांडणी कशी लागू पडते ते पाहण्यासाठी एक घर कल्पनेने उभे करू. हे घर मुळगावातले नाही, कुठल्याच खऱ्या गावातले नाही. बाप पूर्वी खाणीच्या ट्रकवर होता, आता मिळेल ते वाहन चालवतो. आई दोन महिन्यांची बाळंतीण. मोठा मुलगा सहा वर्षांचा, बोलताना अडखळतो. धाकटी रात्रभर रडते.

बापाच्या मनात आधीपासून काय भरलेले असते, त्याला इथे फार महत्त्व आहे. मुलांना मारणाऱ्या पालकांच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. मुलाच्या वयाला काय जमते याचा त्यांचा अंदाज चुकलेला असतो, आणि मुलाच्या साध्या वागण्यात त्यांना हेतू दिसतो. दूध सांडले तर "मुद्दाम सांडले". बाळ रडते तर "मला त्रास द्यायला रडते". अडखळणारा मुलगा उत्तर द्यायला वेळ लावतो तर "उर्मट आहे, तोंड बंद करून उभा राहतो". मूल आपला अपमान करते आहे असे एकदा वाटले की राग न्याय्य वाटू लागतो. मग मारणारा स्वतःला मारणारा समजतच नाही, शिस्त लावणारा समजतो. संपूर्ण यंत्रणेत हा सांधा सर्वांत नाजूक आहे असे मला वाटते. दारू, कर्ज, थकवा या गोष्टी याच सांध्यावर दाब देतात.

आता बाळाच्या रडण्याचेच घ्या. निरोगी तान्ह्या मुलाचे रडणे जन्मानंतर वाढत जाते, दीड-दोन महिन्यांच्या सुमारास शिगेला पोचते आणि तीन-चार महिन्यांनंतर उतरते. हे सगळीकडच्या मुलांत दिसते. आईचे दूध कमी पडले, दृष्ट लागली किंवा मूल हट्टी निघाले, असा त्याचा अर्थ नसतो. पण हे कुणी सांगितलेले नसते. रात्री दोन वाजता, सलग चौथ्या रात्री, बाळाला खांद्यांना धरून गदागदा हलवले जाते. बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड असते आणि मान दुबळी, म्हणून मेंदू कवटीत आदळतो, मेंदूत आणि डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव होतो. बाहेर जखम दिसत नाही. बाळ शांत होते, कारण ते बेशुद्ध झालेले असते.

आईकडे पाहायला हवे ते इथेच. म्हापशाच्या आझिलो इस्पितळात येणाऱ्या बाळंतिणींवरचा एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी जवळपास 23 टक्के आयांमध्ये नैराश्य आढळले. घरची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, त्याच्याकडून होणारी मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे, ही त्यामागची ठळक कारणे होती. म्हणजे रडण्याचा कळस आणि आईच्या मनाची सर्वांत पडती अवस्था एकाच आठवड्यांत येऊन ठाकतात. नैराश्यातली आई बहुधा मारत नाही. ती बाळाकडे पाहायचे थांबवते. ताप असताना दवाखान्यात नेणे राहून जाते, दूध पाजणे राहून जाते. गोव्याच्या बाल कायद्याने हयगयही छळातच धरली आहे, अन्न-निवारा न देणे आणि जखमी मुलाला लगेच उपचार न देणे यांसकट. ते योग्य आहे. पण त्या बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याआधी कुणी तिला दोन तास झोपू दिले होते का, हा प्रश्न विचारावाच लागतो.

मूल 'अवघड' ठरते म्हणजे काय, हेही नीट समजून घेऊ. दोष मुलाचा नसतो. पण मार सर्व भावंडांच्या वाट्याला सारखा येत नाही. अपुऱ्या दिवसांचे, सतत आजारी, उशिरा बोलणारे, नको असताना झालेले मूल जास्त सोसते. 2012 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आढाव्यानुसार अपंगत्व असलेल्या मुलांवर हिंसा होण्याचा धोका इतर मुलांच्या 3.7 पट आहे. शिवाय त्यांतल्या कित्येकांना झालेले सांगताही येत नाही.

राहिला वाईट दिवस. डिचोली तालुक्याला अशा दिवसांची चांगली ओळख आहे. सप्टेंबर 2012 मध्ये राज्यातल्या खाणी थांबल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. 2014 मध्ये अटींवर वाट मोकळी झाली, आणि मार्च 2018 मध्ये पुन्हा सगळे ठप्प झाले. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. म्हणून डिचोलीतल्या बापांनी मुलांवर हात टाकला असे म्हणणे अन्यायाचे होईल. आर्थिक ताण आणि छळ यांचा संबंध इतका सरळ नसतो. अमेरिकेत 2007 नंतरच्या मंदीत पाच वर्षांखालच्या मुलांच्या डोक्याला मारहाणीतून होणाऱ्या दुखापतींचे प्रमाण काही भागांत दर लाखामागे 8.9 वरून 14.7 वर गेले. मात्र ज्या जिल्ह्यात बेकारी जास्त तिथे दुखापती जास्त, असे गणित जुळले नाही. मी याचा अर्थ असा लावतो की गरिबीपेक्षा अनिश्चितता माणसाला जास्त पोखरते. कायम गरीब असलेले घर आपल्या गरिबीशी कसेबसे जमवून घेते. काल हप्ता भरणारा आणि आज बँकेचा फोन न उचलणारा माणूस घरात येतो तो हरून येतो, आणि घरात त्याच्यापेक्षा लहान एकच असतो.

दारूबद्दल गोव्यात बोलणे अवघड आहे, कारण ती आपल्याकडे व्यसन म्हणून कमी आणि शिष्टाचार म्हणून जास्त वावरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातले पंधरा वर्षांवरचे सुमारे 37 टक्के पुरुष दारू पितात असे दिसले. दारूने जीभ सुटते, हात सुटतो, उद्याचा विचार सुटतो, हे सगळे खरे. पण नशेत मुलाला बडवणारा माणूस बारच्या मालकावर हात उगारत नाही, सरपंचावर तर नाहीच. कुणावर हात टाकायचा हे त्याला नशेतही कळते. याला पुरावाही गोव्यातच मिळाला. 'संगाथ' या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत फार पिणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशनाचा प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या माणसांनी ते केले. 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी समुपदेशन घेणाऱ्यांपैकी 36 टक्के धोकादायक पिण्यातून बाहेर होते, न घेणाऱ्यांपैकी 26 टक्के. चांगलेच म्हणायचे. पण जोडीदारावरच्या हिंसेत फरक आढळला नाही. बाटली कमी झाली म्हणजे मारण्याचा हक्क आपोआप सुटतो असे नाही.

या हक्काचे मूळ घराबाहेर आहे. 1980 मध्ये जे बेल्स्की या अभ्यासकाने केम्पींच्या तीन गोष्टींभोवती आणखी दोन वर्तुळे काढली, एक शेजाराचे आणि एक रूढीचे. आपल्या रूढीत मार आणि माया एकमेकांत मिसळलेली आहेत. 'श्यामची आई'तली आई श्याम पोहायला जात नाही म्हणून त्याला मारते आणि नंतर तिच्याच डोळ्यांत पाणी येते. मराठी वाचकाला ते वाचून त्या आईचा राग येत नाही, उलट गहिवरून येते. पुस्तकाचे मोठेपण मी नाकारत नाही. पण ज्या समाजात मार हा प्रेमाचा पुरावा ठरतो, तिथे मार कुठे थांबायचा याची रेघ मारणाऱ्यानेच आखायची असते. चुकीचा अंदाज आला की सांगायला कुणी नसते.

ती रेघ सरकते कशी, हेही पाहण्यासारखे आहे. थप्पड मारली की मूल त्या क्षणी गप्प होते. मारणाऱ्याला सुटल्यासारखे वाटते आणि हा उपाय चालतो असे त्याचे मन टिपून ठेवते. थोड्या दिवसांनी मूल थपडेला सरावते. मग तेवढाच परिणाम हवा तर हात जोरात पडतो, पुढे हातात काहीतरी येते. कुणीही 'आजपासून छळ करायचा' असे ठरवत नाही. कॅनडात 2003 च्या नोंदी तपासल्या तेव्हा सिद्ध झालेल्या शारीरिक छळाच्या सुमारे तीन चतुर्थांश प्रकरणांची सुरुवात शिक्षा देण्यातून झालेली आढळली. 1.6 लाख मुलांवरचे 75 अभ्यास 2016 मध्ये एकत्र तपासले गेले. मार खाणारी मुले शहाणी होतात असे त्यांत कुठेच दिसले नाही, ती जास्त आक्रमक मात्र दिसली.

आपल्याकडे शाळेतला मार 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केला. घरातल्या माराला अशी थेट बंदी नाही. मुलाच्या भल्यासाठी सद्‌हेतूने केलेल्या कृतीला पालकांना मोकळीक देणारे कलम जुन्या दंडसंहितेत होते, नव्या न्याय संहितेतही आहे. गोव्याच्या कायद्याची व्याख्या फार व्यापक आहे. मुलाची प्रतिष्ठा कमी करणारे शब्दही तीत येतात. पण 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्याच एका प्रकरणात सांगितले की किरकोळ, ओघात घडलेली कृती म्हणजे बाल-छळ नव्हे, इजा किंवा क्रूरतेचा हेतू दिसला पाहिजे. कायद्याच्या बाजूने ते बरोबरच असेल. मात्र वर पाहिले तसा घरातला बहुतेक छळ हेतूशिवायच सुरू होतो, आणि म्हणून तो थांबवायचे काम न्यायालयाच्या फार आधी कुणीतरी करायला हवे.

"बापाने मार खाल्ला, म्हणून तो मारतो" हे वाक्य आता इतके रूढ झाले आहे की त्याच्यापाशी थांबणे भाग आहे. 1987 मध्ये जोन कॉफमन आणि एडवर्ड झिग्लर यांनी उपलब्ध अभ्यास तपासून अंदाज काढला की लहानपणी छळ सोसलेल्यांपैकी सुमारे 30 टक्के पुढे आपल्या मुलांशी तसे वागतात. सर्वसाधारण लोकांच्या मानाने हे प्रमाण मोठे आहे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की सुमारे 70 टक्के तसे वागत नाहीत. मिनेसोटात बायरन एगलँड यांनी लहानपणी छळ सोसलेल्या आयांचा अभ्यास केला. ज्यांच्या हातून साखळी तुटली त्यांना लहानपणी छळ न करणारे एखादे जवळचे मोठे माणूस लाभले होते, किंवा कधीतरी उपचार मिळाले होते, किंवा आधार देणारा जोडीदार होता. ते मोठे माणूस आजी असू शकते, मास्तर असू शकतात, शेजारची मावशी असू शकते. मार खाल्लेल्या प्रत्येक माणसाकडे भावी मारकुटा म्हणून पाहणे हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय आहे.

आता लैंगिक अत्याचार. इथे वरचे बहुतेक सगळे बाजूला ठेवावे लागते. हा रागाच्या भरात घडत नाही, वाईट दिवसाची वाट पाहत नाही. तो ठरवून, सवडीने घडतो आणि अनेकदा कौतुकाच्या रूपात सुरू होतो. 1984 मध्ये डेव्हिड फिंकेलहॉर यांनी त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिली, मोठ्या माणसाच्या मनात मुलाविषयी तशी इच्छा असणे. दुसरी, स्वतःच्या मनाचा नकार मोडून काढणे. "मुलाला काही कळत नाही", "मी त्याला दुखवत नाही" अशी समजूत त्याने स्वतःची घातलेली असते. दारू लागते ती इथे, तीही निमित्त म्हणून. तिसरी पायरी बाहेरचा पहारा दूर करणे. चौथी, मुलाचा विरोध मोडणे.

कुटुंबाला सर्वांत जास्त कळायला हवी ती तिसरी पायरी, कारण तिथे कुटुंब नकळत मदत करते. घरात उपयोगी पडणारा नातेवाईक आधी मुलाचा नव्हे, आई-बापांचा विश्वास कमावतो. शाळेत सोडतो, अभ्यास घेतो, चवथीला खेळणी आणतो, अडचणीत पैसे देतो. आई आजारी असली, आई-बाप कामावर असले, घरातल्यांचे आपसात पटत नसले की त्याला जागा मिळते. आणि जो माणूस घरासाठी इतके करतो, त्याच्याविषयी मुलाने काही सांगितले तर मूलच खोटे ठरते. चौथ्या पायरीला जबरदस्ती लागतेच असे नाही. भेटवस्तू, "आपले गुपित" आणि "सांगितलेस तर आईला दुःख होईल" एवढे बहुधा पुरते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत दरवर्षी पॉक्सोखालच्या बलात्काराच्या प्रकरणांत 90 टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. हा आकडा भाषणांत फार फेकला जातो. तो जपून वाचावा, कारण ओळखीच्यांत शेजारी, मित्र, लग्नाचे वचन देणारे तरुण असे सगळे येतात. सगळे नातेवाईकच असतात असे नाही. तरीही आपण मुलांना "अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस" हाच धडा देत राहतो.

मूल सांगत का नाही? रोलँड समिट या मानसोपचारतज्ज्ञाने 1983 मध्ये याचा क्रम मांडला. आधी गुपित, मग असहायपणा, मग त्या सगळ्याशी जुळवून घेणे, खूप उशिरा आणि अर्धवट सांगणे, आणि शेवटी सांगितलेले मागे घेणे. ही शेवटची पायरी घरच्यांना चकवते. मूल बोलल्यावर घरात रडारड होते, आजी जेवत नाही, काकाला पोलीस नेणार असे ऐकू येते, मोडणाऱ्या घराचे ओझे त्या मुलावर येते. मग ते म्हणते, "तसे काही झाले नव्हते." सगळे सुटकेचा श्वास टाकतात. म्हणून शब्द मागे घेतला म्हणजे मूल खोटे बोलले होते, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

मुळगावसारख्या गावात एक जमेची बाजू आहे आणि एक उणे. गाव लहान असल्यामुळे मुलाला पाहणारे डोळे पुष्कळ आहेत. पहाटे पाव घेऊन येणारा पोदेर, अंगणवाडीची बाई, बालरथाचा, म्हणजे शाळेच्या बसचा, ड्रायव्हर, वर्गशिक्षिका, आरोग्य केंद्रातली नर्स, सगळ्यांना घर ओळखीचे. उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा शर्ट, पुन्हा अंथरूण ओले करू लागलेले मोठे मूल, एका ठरावीक माणसाचे नाव काढताच गप्प होणारी मुलगी, दवाखान्यात प्रत्येक वेळी नवी हकिगत सांगणारे आई-बाप, हे त्यांना दिसते. उणे असे की तेच गाव "दुसऱ्याच्या घरात आपण कशाला तोंड घालायचे" म्हणते. दोन्ही घरे एकाच देवळाच्या उत्सवात, एकाच लग्नात पुन्हा समोर येणार असतात. तक्रार करणाऱ्याला आयुष्यभर त्याच तिंट्यावर उभे राहायचे असते. ही अडचण खरी आहे, भित्रेपणा म्हणून ती उडवून लावू नये. आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय मजुराच्या मुलाला तर हे ओळखीचे डोळेही नसतात. त्याच्या घरातला आवाज "त्यांच्यात असेच चालते" म्हणून सोडून दिला जातो.

मारहाण आणि हयगय सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर पोलीस हा पहिला उपाय असतोच असे नाही. दोन महिन्यांच्या बाळंतिणीच्या घरी कुणी रोज तासभर बाळ सांभाळले, बापाला डिचोलीच्या सामाजिक आरोग्य केंद्रापर्यंत किंवा बांबोळीच्या मनोरुग्णालयापर्यंत सोबत केली, मुलाच्या अडखळण्यावर उपचार आहेत हे सांगितले, तर केम्पींच्या तीन गोष्टींतली एखादी गळून पडते, आणि तीन एकत्र आल्याशिवाय बहुधा काही घडत नाही. गोव्याच्या बाल कायद्याने गावपातळीवर ग्राम बाल समित्या ठेवल्या आहेत त्या याच कामासाठी. आपल्या पंचायतीतली समिती शेवटची कधी बसली, हे पुढच्या ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

हाडे मोडली असतील, भाजल्याच्या खुणा असतील, मूल उपाशी ठेवले जात असेल, तर मात्र समजावणीत वेळ घालवू नये. 1098 हा क्रमांक चोवीस तास चालतो. फोन मूलही करू शकते, शेजारीही. पुढे बालकल्याण समिती मुलाचे काय करायचे ते ठरवते, आणि खटला बाल न्यायालयात चालतो. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत घरातल्या घरात मिटवणे हा पर्याय कायद्याने ठेवलेलाच नाही. पॉक्सोच्या कलम 19 नुसार गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडण्याची शक्यता आहे असे ज्याला वाटते, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवले पाहिजे. माहिती असून न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवा तिथे घेतला जातो, पोलीस गणवेशात नसतात, आणि मुलाचे नाव छापता येत नाही. कळवणाऱ्याला काही सिद्ध करावे लागत नाही. त्याने सद्‌हेतूने कळवले असेल आणि तपासात काहीच निघाले नाही, तरी त्याच्यावर त्यासाठी कारवाई होत नाही.